अप्पांची हजेरी

शिवकांतअप्पा सरांची आणि माझी पहिली ओळख हजेरीवरूनच झाली. लातूरच्या कॉलेजात एम.एस्सी.चा माझा पहिला दिवस. सरांनी नाव पुकारलं, मी आपला "हजर" म्हणालो. सरांनी पेन थांबवलं. "हजर न्हाई बाबा. कितवा तू, अन् वर्गात एकूण किती, ते सांग." मी उमरीकडच्या खेड्यातून आलेला, नवखा. मनात म्हटलं, हे गृहस्थ जरा चक्रम दिसतात. सरांच्या षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथात असं लिहू नये हे कळतं. पण अप्पांना खोटी स्तुती पचत नाही, म्हणून खरं तेच लिहितो.

अप्पा शिरूर अनंतपाळ तालुक्यातले. कपाळी विभूती, खिशात पेचकस. एक मोठं गणित अनेक संगणकांत वाटून सोडवणं, हा त्यांचा ध्यास. भंगारात निघालेले आठ संगणक त्यांनी तारेने जोडून कामाला लावले होते. त्यांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी आज कुठे कुठे आहेत, ते या ग्रंथात इतरांनी लिहिलं आहेच. मला एकाच दुपारबद्दल सांगायचं आहे.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. पाण्याअभावी हॉस्टेल रिकामं केलं, तेव्हा अप्पांनी मला स्वतःच्या घरी नेलं. अप्पांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, माझ्या वाटणीची घागर वेगळी ठेवली आणि पुढे कधी विषय काढला नाही. कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. प्रयोगशाळेतला नळ सोडला की पाण्याऐवजी लांब सुस्कारा यायचा, कुणी भिंतीआड बसून श्वास सोडावा तसा. मी नळाकडे पाठ करून बसायचो.

माझा प्रकल्प भूजलाचा होता. गावागावांच्या विहिरींच्या नोंदींवरून जमिनीखाली पाणी कुठे असेल, याचा आठही संगणकांनी मिळून अंदाज काढायचा. त्यात माझंही गाव होतं. गावाला एकच बोअर मिळणार होता. तो कोरडा गेला तर गाव उठणार, हे ठरल्यासारखंच होतं. सरपंच म्हणजे माझे सख्खे काका. रोज फोन यायचा. त्या सकाळी म्हणाले, "बोअरची गाडी उद्या शिवारात येऊन राहिली. तू फक्त जागा सांग."

आणि माझा प्रोग्राम काही बांधला जाईना, म्हणजे चालण्याजोगा तयारच होईना. आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. तो सारखा तक्रार करायचा की ही फाईल दुसऱ्या आवृत्तीच्या कंपायलरने बनवलेली आहे. मी अतिशहाणा. एका जुन्या संगणकावरून कुणीतरी कधीकाळी बांधलेल्या फायली उचलल्या आणि माझ्या प्रोग्राममध्ये घुसडल्या. तक्रार बंद! आठही यंत्रं घुमू लागली, नकाशा उमटला, आमच्या पांदीच्या, म्हणजे शिवारातल्या गाडीवाटेच्या, कडेला भरपूर पाणी दिसलं. मी नाचतच काकांना फोन करून जागा सांगून टाकली.

भर दुपारी बाराला अप्पा आले. नकाशाकडे त्यांनी पाहिलंही नाही. "हजेरी घेतली का?" म्हणाले.

"सर, आठही जणांनी उत्तर दिलंय."

अप्पांनी प्रोग्राममध्ये दोन ओळी घातल्या. प्रत्येक यंत्राने आपला क्रमांक आणि एकूण संख्या सांगायची. संगणकाची मोजणी शून्यापासून, म्हणजे शून्य ते सात यायला हवे होते. पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली. मी शून्य, एकूण एक. मी शून्य, एकूण एक. आठ वेळा तेच. आठ यंत्रं शेजारी शेजारी घुमत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच आहोत. त्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

अप्पा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या आसपासचा दुष्काळ. जिल्हा नवा, पान्याचे हाल जुनेच. आमच्या हिरीचा गाळ काढायला चौघं उतरले. त्यात माझा थोरला भाऊ. शिकलेला म्हणून मला वर बसवलं, हजेरी घ्यायला. म्या इचारलं, समदे हाय का? खालून चार बार 'हाव' आलं. म्या मोजलं, लेकरा. चार. दोर वढला तर तिघंच वर आले. भाऊ आडव्या भुयारात गुदमरला होता."

"मग चौथा हाव?"

"हिरीचा घुमारा आसंल." अप्पा पडद्याकडे पाहत होते. "आसंल."

नळ सुस्कारला. दोघांपैकी कुणीच उठून तो बंद केला नाही.

मग अप्पांनी बाह्या सरसावल्या. दोष माझ्या उसनवारीत होता. मी उचललेल्या फायली म्हणजे यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी लायब्ररी; ती जुन्या कंपायलरने बांधलेली, आणि सगळ्यांना चालू करणारा प्रोग्राम नवा. त्याने दिलेला क्रमांक तिला कळतच नव्हता. म्हणून आठही जण एकेकट्याने सगळं गणित करत होते आणि एकाच फाईलवर एकमेकांच्या अंगावर लिहीत होते. एका गावाचं पाणी दुसऱ्याच्या नावावर गेलं होतं. अप्पांनी उसनं सगळं पुसलं, एकाच कंपायलरने मुळापासून पुन्हा बांधलं. संध्याकाळी हजेरी नीट लागली: शून्य ते सात, एकूण आठ. नव्या नकाशात पांद कोरडी होती. ओढ्याकडेला थोडी ओल दिसत होती, तीही जेमतेम.

काकांना सांगायला माझी जीभ रेटेना. अप्पांनीच फोन घेतला. "सरपंच, शरणार्थ. पांदीला बोअर घेऊ नका. पोराची न्हाई, माझी चूक हाय. हजेरी म्या घ्यायला पायजे होती." चूक शंभर टक्के माझी होती. मी शेजारी मान खाली घालून उभा होतो आणि ते उपकार आजही माझ्या मानेवर आहेत.

ओढ्याकडेला पाणी लागलं. धार बारीक, हंडा भरायला वेळ लागायचा, पण भरायचा. गाव उठलं नाही. पुढे एकाने हट्टाने पांदीला बोअर घेतला, तर नुसता धुरळा निघाला.

आज मी नांदेडला शिकवतो आणि अप्पांसारखीच हजेरी घेतो. मुलं मलाही चक्रम म्हणत असणार. अप्पांना उदंड आयुष्य, धडधाकट गुडघे आणि शांत झोप लाभो. ती झोप त्यांना फारशी लागत नाही, हे काकूंकडून मला ठाऊक आहे. म्हणून सत्काराच्या दिवशी आम्ही सगळे जुने विद्यार्थी एक करणार आहोत. अप्पा, तुम्ही हजेरी घ्या. नुसतं हजर कुणी म्हणणार नाही. प्रत्येक जण आपला क्रमांक सांगेल, एकूण किती ते सांगेल. तुम्ही सावकाश मोजा. आम्ही सगळे वर आलो आहोत.