तुरटीत दिसलेली बाई

ठमाकाकी चिडलेली नाही असा एक दिवस आगरदांड्याच्या अलीकडल्या त्या वाडीत कुणाला आठवत नाही. नळाला पाणी बारीक आलं की ती चिडते, आणि मोठं आलं की इतके दिवस कुठं होतं म्हणून चिडते. वीस वर्षं तिनं शाळेत पोरांची खिचडी शिजवली, त्या वीस वर्षांत ताटात शीत टाकून उठायची एकाही पोराची छाती झाली नाही. आणि अशा बाईकडे भ्यालेली पोरं शांत करायला आणतात, ही त्या वाडीची खरी गंमत. त्यातली निम्मी तर तिच्याच आवाजाला भ्यालेली असायची. आई उचलून तिच्याच पडवीत आणायची आणि पोर तिच्याच मांडीवर झोपून जायचं.

काकी तुरटी उतरवते. मूल झोपेत दचकायला लागलं, उगाच किरकिरायला लागलं, की सुपारीएवढा तुरटीचा खडा घेते, डोक्यापासून पायांपर्यंत सात वेळा उतरवते आणि मागच्या दारच्या चुलीतले निखारे घमेल्यात काढून त्यावर टाकते. खडा आधी पाघळतो, त्याला बुडबुडे येतात, मग तो लाहीसारखा फुलून वर येतो. त्या फुगलेल्या तुरटीला काहीतरी आकार येतो. ज्याला मूल भ्यालं ते त्यात दिसतं, असं लोक धरून चालतात. कुणाला कुत्रा दिसतो, कुणाला जेट्टीवरची फेरीबोट.

ही विद्या तिला सासूनं दिली. पण सासूनं सुरुवात निखाऱ्यापासून केली नव्हती. नवी सून ठमी घरात आली त्या श्रावणात विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं. सासूनं हंड्यात तुरटीचा खडा दोनदा फिरवला आणि सुनेला शेजारी बसवून ठेवलं. अर्ध्या तासानं गाळ तळाला गेला आणि वरचं पाणी नितळ झालं. "पानी निजलं बघ. मानसाचंबी आसंच आसतं," सासू म्हणाली. घरात भांडण झालं की खडा काळ्या फडक्यात बांधून दारावर का टांगतात, वाईट स्वप्नं पडणाऱ्याच्या उशाखाली का ठेवतात, ते ठमीला त्या हंड्यापाशी कळलं. पुढं सासूनं दोन नियम घालून दिले. अंगाला ताप लागला तर तुरटीला हात लावायचा नाही, सरळ डॉक्टरची वाट दाखवायची. आणि फुग्यात काहीही दिसलं तरी तोंडातून काढायचं नाही. लगेच फोडायचं आणि वाहत्या पाण्यात सोडायचं.

पहिला नियम तिनं कधी मोडला नाही. तापानं फणफणलेलं पोर घेऊन कुणी आलं की ती अशी काही अंगावर जायची की ती आई दवाखान्यापर्यंत धावतच सुटायची. दुसरा नियम तिनं चाळीस वर्षं पाळला आणि गेल्या साली एकदा मोडला.

शेजारच्या घरात हर्षद आणि सुचिता राहतात. हर्षद उरणला कंटेनर यार्डात कामाला, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. सुचिता तळा तालुक्यातली. त्यांचा कुशल आठ महिन्यांचा झाला आणि एकाएकी झोपेतून किंचाळून उठायला लागला. चौथ्या दिवशी सुचिता त्याला घेऊन काकीकडे आली. पडवीत आणखी दोघी बसलेल्या होत्या. काकीनं पोराच्या कपाळाला हात लावला, पोटाला लावला, ताप नव्हता. खडा उतरवून निखाऱ्यावर टाकला.

तुरटी त्या दिवशी अशी फुलली की तिघीही वाकून बघायला लागल्या. वर अंबाड्यासारखा गोळा, खाली नेसल्यासारखा घेर, आणि एका बाजूनं हातासारखं काहीतरी पुढं आलेलं. सुचितानं मोबाइल वर धरला आणि विचारलं, "काकी, कोण हाय ओ?" आता खरं सांगायचं तर शाळेतून निवृत्त झाल्यापासून काकीला कुणी काही विचारत नव्हतं. घरात मुलगाही तिचं ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. तिघी जणी तोंडाकडे बघतायत म्हटल्यावर तिला राहवलं नाही.

"बाय हाय. डावा हात फुडं केलाय," ती म्हणाली.

सुचिता पोराला घेऊन घरी गेली. पण तुरटीचा फोटो तिनं माहेरच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो जावेकडे गेला, आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या सुमाराला वाडीतल्या प्रत्येक मोबाइलवर आला. वाडीत डावरी बाई एकच आहे. अंबाडाही तीच घालते.

ती म्हणजे रंगू. काकीच्याच वयाची, समोरच्या घरात एकटी राहणारी. तिला मूल झालं नाही आणि नवरा जाऊनही बारा वर्षं झाली. वाडीतल्या तान्ह्या पोरांना तेल लावून न्हाऊ घालावं ते तिनंच. कुशलला पाचव्या दिवसापासून तिनं पायांवर घेतलं होतं. तिच्या पायांवर पोर रडायचं नाही, उलट तिच्याकडे बघून बोळकं पसरायचं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी तेलाची वाटी मागायला गेली तर सुचितानं दारातूनच सांगितलं की आजपासून मीच घालीन आंघोळ. रंगूला वाटलं, पोरीला हौस असेल. ती हसून परत आली.

मग नळावर तिची हंडा-कळशी आली की बायका पोरांना पदराखाली घ्यायला लागल्या. बचत गटाचे पापड लाटायला समाजमंदिरात सगळ्या जमल्या, तेव्हा रंगूला बोलावणंच गेलं नाही, आणि तिच्यासारखा पातळ पापड वाडीत दुसऱ्या कुणाला लाटता येत नाही. तिच्या भाचीनं अखेर तिला तो फोटो दाखवला. त्यानंतर रंगूचं दार दिवसाही लोटलेलं राहायला लागलं. कुशल मात्र रोज रात्री रडतच होता, रंगूचा हात लागेनासा झाल्यावरही.

काकीच्या घशाखाली घास उतरेना. तिच्या रागाची सवय असलेल्या घराला तिचं गप्प बसणं भलतंच जड झालं. मुलगा दोनदा विचारून गेला, बरं नाही का म्हणून. तिला बरं नव्हतंच. नवरा गेला तेव्हा ठमीच्या पदरात दोन लहान पोरं होती आणि शाळेत खिचडी शिजवायला बाई हवी होती. नाव रंगूचं लागलं होतं. रंगू हेडमास्तरांकडे गेली आणि माझ्यानं धुरात बसवत नाही म्हणून सांगून आली, आणि ठमीचं नाव घालून आली. धुराचं खोटं होतं, रंगूच्या घरी तेव्हा चूलच होती. हे ठमीला दोन वर्षांनी कळलं. ती बोलायला गेली तर रंगूनं तिला देवाची शपथ घातली की हे कुणाजवळ काढायचं नाही. ठमीची दोन्ही पोरं त्या खिचडीवर वाढली, शिकली. रोज संध्याकाळी देवापुढं हात जोडताना ती आधी रंगूचं नाव घ्यायची, मग पोरांचं. आणि त्याच रंगूला तिनं चारचौघींत बोट दाखवल्यासारखं केलं होतं.

पुढच्या पापडांच्या दिवशी भर दुपारी काकी समाजमंदिरात शिरली. डोक्यावर चुंबळ, त्यावर निखाऱ्यांचं घमेलं, हातात वाण्याकडची तुरटीची पुडी. पंधरा-सोळा बायका होत्या. तिनं घमेलं मधोमध ठेवलं, पुडी सुचिताच्या हातात दिली आणि तुझ्याच हातानं एक खडा टाक म्हणाली. सुचितानं टाकला. खडा पाघळला, फुलला. काय दिसतं, काकीनं एकेकीला विचारलं. एकीला मांजर दिसलं, एकीला गणपती, तिसरीला गवताचा भारा घेतलेली बाई. ठकूच्या सुनेला अंबाडासुद्धा दिसला. सुचिताला विचारलं तेव्हा तीही हळूच म्हणाली, बाईच आहे.

"आता सांग, ही कुनावरनं उतरवली?" काकीनं विचारलं.

सुचितानं हातातल्या पुडीकडे पाहिलं.

"कुनावरनंच न्हाय. वान्याच्या पुडीतनं थेट विस्तवात गेली. मंग ही बाय कुठनं आली?" तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही, म्हणून बायका जास्तच घाबरल्या. "तुरटी फुगायची तशी फुगते. बाय मी बघितली आनि बोलली पन मीच. माज्या सासूनं जे करू नको म्हनून सांगितलं, तेच मी केलं."

मग तिनं शपथ मोडली. खिचडीचं काम कुणाचं होतं आणि ते कुणी कुणाला दिलं, ते सगळ्यांसमोर सांगितलं. ज्या बाईनं माझ्या पोरांच्या तोंडात घास घातला तिच्या तोंडाला मी काळं लावलं, असं म्हणता म्हणता ती रडायला लागली. तिला रडताना त्या वाडीनं नवऱ्याच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच पाहिलं.

कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, म्हणजे चाळीस वर्षं तू आम्हाला फसवलंस की काय. प्रश्न रास्त होता आणि काकी तो टाळून गेली नाही.

"पोरं निजली ती खोटी न्हायत," ती म्हणाली. "पोर मांडीवर घेतलं, आई दमून जरा टेकली, घर घटकाभर गप झालं. तुरटी त्यासाठी हाय. मान्सं धरायला न्हाय."

घमेलं उचलून ती निघून गेली. आता आपल्याकडे कुणी पोर घेऊन येणार नाही, हे तिला चालता चालताच कळलं होतं. चाळीस वर्षांचा मान तिनं एका दुपारी निखाऱ्यावर घातला होता. तरी घरी येऊन ती पोटभर जेवली, आणि भाजीत मीठ जास्त झालं म्हणून सुनेवर ओरडली. घराच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगू आली. पडवीच्या पायरीशी उभी राहिली, आत ये म्हटल्यावरही थोडा वेळ उभीच होती. दहा दिवसांत तिचे डोळे खोल गेले होते. काकीनं माफी मागायला तोंड उघडलं, तर रंगूनं हात हलवून तिला गप्प केलं. ऐकलं सगळं, म्हणाली, शपथ मोडलीस तेही ऐकलं. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"ठमे, माज्यावरनं उतरव."

काकीला वाटलं ही थट्टा करते. आता तुरटीत काय राहिलं गो, ती म्हणाली, मीच तर काल सगळ्यांना सांगून आले.

"म्हायती हाय. धा राती डोल्याला डोला न्हाय लागला. गाळ बसू दे जरा."

काकी उठली आणि चुलीपाशी गेली. निखारे ओढता ओढता तिचे हात थांबले. वाडीतल्या सगळ्या पोरांवरून तिनं तुरटी उतरवली होती, नव्या सुनांवरून उतरवली होती, सदूच्या दूध न देणाऱ्या म्हशीवरूनसुद्धा उतरवली होती. रंगूवरून कधीच नाही. पोराला त्याची आई घेऊन येते, सुनेला सासू घेऊन येते. रंगूला घेऊन येणारं कुणी नव्हतं, आणि समोर राहून आपल्याला ते चाळीस वर्षांत सुचलं नाही, याची तिला मनापासून लाज वाटली.

तिनं खडा घेतला. रंगूच्या पिकलेल्या डोक्यापासून भेगाळलेल्या टाचांपर्यंत सात वेळा उतरवला, अगदी सावकाश, तान्ह्या पोरावरून उतरवतात तसा. रंगूनं डोळे मिटून घेतले होते. खडा निखाऱ्यावर पडला, तडतडला, फुलला. काकीनं तिकडे पाहिलं नाही. चिमट्यानं चुरून मागच्या दारी वाहत्या पाण्यात सोडला आणि हात पुसत परत आली, तोवर रंगू तिथंच भिंतीशी आडवी झाली होती. काकीनं घडीचं लुगडं तिच्या डोक्याखाली सारलं. रंगूला झोप लागली होती.

थोड्या वेळानं सुचिता आली. काखेत उघडा कुशल, हातात कोमट तेलाची वाटी. रात्री पोराच्या खालच्या हिरडीत दात लागला होता, त्याचंच सगळं रडं होतं. ती समोरच्या घरी जाऊन आली होती. दार उघडं आणि घर रिकामं बघून घाबरी होऊन इकडे धावली होती. रंगूला झोपलेली पाहिल्यावर ती पायरीवरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. पाया पडायला आले होते, म्हणाली, उठवू का.

काकीचा आवाज जन्मात कधी नव्हता एवढा खाली आला. "नको. निजू दे तिला."

सुचितानं वाटी शेजारी ठेवली. पोराला मांडीवर घेतलं. काकी रंगूकडे बघत राहिली. आपण तिची झोप उडवली, आणि ती झोपायला आपल्याच पडवीत आली, हे तिला सहन होत नव्हतं आणि त्याचे उपकार कसे फेडायचे तेही कळत नव्हतं. तेल निवायला लागलं तेव्हा तिनं वाटी उचलून चुलीच्या कडेला ठेवली, आणि दोघी रंगूच्या उठण्याची वाट बघत बसल्या.