फेऱ्या मोजणारी सुनंदा

एका मुलीच्या उशिराची शिक्षा अकराजणींनी भोगली, तर तुम्ही रागावता कुणावर?

आज जिन्यावर कोणी ओलं पोतं फिरवलं आणि त्या वासानं मी ऊर्जानगरच्या बास्केटबॉल कोर्टवर पोचले. तिथे रोज वीजकेंद्राची राख बसायची. सरावाआधी आम्ही मुली ती ओल्या पोत्यांनी पुसायचो.

वीज कंपनीच्या संघात निवड झाली की पक्की नोकरी होती. सुनंदा त्यासाठी बल्लारपूरहून यायची. त्या सकाळी तिला वीस मिनिटं उशीर झाला. कोचना आम्ही भाऊ म्हणायचो. त्यांनी तिला बाकावर बसवलं. "तू नको धावू. ह्या धावतीन. तू मोठ्यानं मोज."

"भाऊ, गाडी..."

"गाडी नाई खेळत आपल्या टीममधी. मोज."

ती मोजू लागली. अठराव्या फेरीला तिचा आवाज बसला. तिच्याजवळून जाताना मीच म्हटलं, "मोज ना, महाराणी. तुह्यासाठीच धावून राह्यलो." सगळ्या हसल्या.

माझ्या पिशवीत तेव्हा कामगारांना वाटायची पत्रकं होती. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्या पाळीला देऊ नका, असं त्यांवर मीच लिहिलं होतं.

सुनंदा पुन्हा आली नाही. संघातली तिची जागा मला मिळाली. तेव्हा काही वाटलं नाही. आजही रडू येत नाही, फक्त तो बसका आवाज ऐकू येतो: अठरा, एकोणीस.

उद्या तुमच्या संघात कोणी उशिरा आलं, तर धावायला लागण्याआधी थांबा. तिला एकदा विचारा, "काऊन उशीर झाला?"