सतरा एकांची संख्या

गेल्या रविवारी दुपारी एडमंटनच्या मराठी मंडळात काकांचा अकरा वर्षांचा दावा खोटा ठरला. सतरा वेळा एक लिहिला की होणारी संख्या मूळ आहे, असं हे निवृत्त इंजिनिअर सांगत आणि ते सिद्ध करायला रोज चाळीसेक भागाकार हाताने करत.

एका विद्यार्थिनीने फोनवर पाहिलं. “काका, इट्स नॉट प्राइम. २०७१७२३ ने भाग जातो.”

“त्या संख्येने केव्हाच भागून झालंय, बाळ. बाकी उरते.”

“अकरा वर्षं,” मागून कोणी म्हणालं, “पोरीला मिनिट नाही लागलं.”

मी काकांना घरी सोडलं. बेसमेंटमधल्या वह्यांतून त्यांनी नेमकी वही काढली. तीत तो भागाकार होता. पहिल्याच वजाबाकीत हातचा धरायचा राहिला होता.