किनाऱ्याला लागलेली फळी

बुडालेल्या जुन्या गलबताच्या फासळ्या ओहोटीला वर येतात आणि पर्यटक फोटो काढायला धावतात. समुद्रात हरवलेलं कधी पुरतं संपत नाही, हीच त्याची ओढ असावी. माझा थोरला भाऊ होडीसकट गेला. वहिनी अजून कुंकू लावून वाट पाहतात. त्यांना एकटं टाकून मला गाव सोडता येत नाही. एखादी खूण सापडावी आणि आपण सुटावं, असं मनात येतं, त्याची लाज वाटते.

आज वहिनींचं नाव रंगवलेली आमच्या होडीची फळी पायाशी आली. मी ती लाटेत परत ढकलली.

"भावजी, लागलं का काही किनाऱ्याला?" वहिनींनी दारातच विचारलं.

"नाही."

"बरं झालं बाई! हातपाय धुवा, चहा टाकते," म्हणत त्यांनी माझ्यामागे दार लावून घेतलं.