गिटारीत जवारी

कुठलीही वस्तू आहे तशी राहू देणं म्हणजे आमच्या ह्यांना पाप वाटतं. मंठ्याला ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतावरच्या जळक्या मोटारी येतात, हे तार भरतात, वार्निश पाजतात, बल्बाखाली वाळवतात, आणि मोटारी बिनबोभाट चालतात. तेवढ्यावर माणसानं थांबावं की न्हाई? न्हाई. एकदा भंगारवाल्याच्या गाड्यावर ह्यांना एक जुनी गिटार दिसली आणि तेव्हापासून माझ्या घरात गिटारी सुधारायला लागल्या. ह्यांना गिटार वाजवता येत न्हाई. सुधारता येते.

पहिलीच्या खुंट्या तुटल्या होत्या, तिथं नटबोल्ट बसवले. सूर लावायचा म्हणलं की हाक यायची, "अगं, दहा नंबरचा पाना आण!" मी कणकेचे हात धुऊन पाना नेऊन द्यायचे. दुसरीच्या भोकावर मंदिरातला जुना भोंगा बसवला, आवाज मोठा व्हावा म्हणून. ती एवढी जड झाली की मांडीवर पेलवेना, बाजेवर निजवून वाजवावी लागायची. शेजारीण विचारायला आल्ती, घरात कुणी आजारी आहे का म्हणून. तिसरीला मोटारीची तांब्याची तार चढवली. ती वाजायच्या आधीच लांब व्हायची. एक ना धड, भाराभर चिंध्या! मी म्हणायचे, अहो, कुणाला तरी विचारा की. पण लग्न झाल्यापासून ह्यांनी कुणाला "म्हणजे काय?" असं विचारलेलं मी ऐकलेलं न्हाई.

भंगारातल्या गिटारींचं मला काही वाटत नव्हतं. मरू द्या, म्हणायचे, तेवढीच दुकानातली माश्या मारायची सवय सुटली. पण मंग ह्यांची नजर अण्णांच्या गिटारीवर गेली.

अण्णा म्हणजे माझे वडील. घनसावंगीकडं आमचं गाव. शेतकरी माणूस, पण तरुणपणी जालन्याच्या एका आर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. लग्नं, गणपती, सगळीकडं फिरले. आर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा ती गिटार घेऊन गावी आले, आणि माझं सगळं लहानपण त्या आवाजात गेलं. पुढं चिकनगुनियानं त्यांची बोटं धरली आणि गिटार भिंतीवर गेली. मंग आई गेली. एकदा आम्ही गावी गेल्तो, तेव्हा ह्यांनी ती खाली काढली, उलटीपालटी केली. "मामा, हिची तारांखालची घोडी उखडून राह्यली. मी नेतो, बराबर करून देतो."

अण्णांनी माझ्याकडं पाह्यलं. मी मान हलवून नको नको म्हणत होते. अण्णा म्हणाले, "न्या की जावईबापू."

काही महिने ती दुकानात नुसती टांगलेली होती. माझ्या जिवात जीव होता. तेवढ्यात अण्णांचा फोन आला. आवाज मला ओळखूच येईना, इतका खुशीत. "बाई, बोटं मोकळी झाली गं माझी! आता कापूस वेचणीच्या आधी येतो आन् गिटार घेऊन जातो. तुझी आई गेल्यापासून घर खायला उठतंय. संध्याकाळी जरा वाजवीत बसंन." मी ह्यांना सांगितलं, घोडी तेवढी चिकटवा, बाकी हात लावू नका. हे म्हणाले, "बिलकुल!"

आमच्या मंदिरात भजनी मंडळ आहे. तिथले बुवा तंबोरा घेऊन बसतात. घोडी चिकटवल्यावर हे ती गिटार घेऊन बुवांना ऐकवायला गेले. बुवांनी ऐकलं आणि म्हणाले, "सूर चांगला हाय. फक्त जवारी न्हाई हिच्यात."

हे मान डोलवून घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन दुकानात गेले तर हे गिटार मांडीवर आडवी घेऊन बसलेले. बाजूला वार्निशचा डबा आणि आमच्याच घरचं जवारीचं पातेलं.

"अहो, हे काय करून राह्यले?"

"जवारी लावली."

"गिटारीला?"

"बुवानं सांगितलं. मालदांडी घेतली, हायब्रीड न्हाई. हायब्रीडचा आवाज फुसका येतो."

देवा! ह्यांनी भोकातून आत वार्निश ओतलं होतं, वरून जवारी टाकली होती, आणि गिटार गोल गोल फिरवून दाणा न् दाणा आतून चिकटवला होता. रात्रभर बल्ब लावून वाळवलंही होतं. मी नखानं एक दाणा काढायला गेले, तर नख तुटलं. मोटारीचं वार्निश ते, विहिरीत बुडालं तरी सुटत न्हाई. उरलेले सुटे दाणे आत इकडून तिकडं पळत होते.

मी तशीच बुवांकडं गेले. बुवा हसायला लागले ते थांबेनात. मंग त्यांनी तंबोरा समोर ठेवून दाखवलं. तारेखाली घोडीवर एक सुताचा दोरा सरकवतात, आवाज गुंजायला लागतो, त्याला जवारी म्हणतात. "ज्वारीचा दाणा कुठून आला बाई त्याच्यात? आन् गिटार कुणाची?"

"माझ्या वडलांची."

बुवा हसायचे थांबले.

ह्यांना मी काही बोलले न्हाई. माझं ऐकणार थोडंच! म्हणलं, येऊ द्या अण्णांना. आर्केस्ट्रात वाजवलेला माणूस आहे, एका शब्दात ह्यांची जिरवील. मला त्या दिवसाची हौस वाटत होती, खोटं कशाला सांगू.

अण्णा जीपनं आले. धोतर कडक इस्त्रीचं, दाढी केलेली. चहा अर्धाच पिऊन ठेवला आणि म्हणाले, "आणा बरं." ह्यांनी नव्या टॉवेलात गुंडाळून आणली. अण्णांनी मांडीवर घेतली, तर आतले दाणे खुळखुळ करत एका टोकाला गेले. त्यांनी भोकात पाह्यलं. वास घेतला. ह्यांनी सगळं समजावून सांगितलं, मालदांडीसकट. अण्णा ऐकत राह्यले आणि मंग वाजवायला लागले.

बोटं खरंच मोकळी झाली होती. कशी पळत होती! आणि आवाज मात्र पोत्यावर काठी मारावी तसा, भद् भद्. अण्णांनी पूर्ण चाल वाजवली, मधेच सोडली न्हाई.

"कशी वाटली मामा?"

आता, म्हणलं मी मनात. आता बोला.

"झकास," अण्णा म्हणाले. "जावईबापू, हिला इथंच राहू द्या. तुमच्यापाशी शोभती."

हे फुगले. मला दोघांचाही इतका राग आला की मी पोळी तव्यावर जाळली.

जीपपर्यंत सोडायला मी एकटीच गेले. अण्णांचे हात रिकामे होते. मी भांडलेच, भर रस्त्यात. "अण्णा, एक शब्द बोलता आला न्हाई तुम्हाला? तुमची गिटार गेली! तुम्ही काय घेऊन चालले घरी?"

अण्णा म्हणाले, "जावयाला कसं बोलायचं बाई? तुला नांदायचंय तिथं."

अगं बाई गं. माझे केस पिकायला लागले, पोरगी कॉलेजात गेली, आणि माझा बाप अजून मला नांदवून राह्यला!

घरी आले ती चप्पल न काढताच सुरू झाले. बुवांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. दोरा, घोडी, गुंजणं. तुम्ही जवारी म्हणलं की जेवायची जवारी समजले, म्हणलं, आणि माझ्या बापाच्या गिटारीची कणगी करून ठेवली. हे आधी हसले, मंग चिडले. "मामांना आवडली की! त्यांना जास्त कळतं का तुला?" ताटं तशीच राह्यली. शेवटी ह्यांनी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि माझ्यासमोर धरला.

"मामा, खरं सांगा. गिटार बिघडली का?"

अण्णा नुकतेच घरात शिरले असतील. मागं कसलाच आवाज नव्हता.

"छे छे, जावईबापू. माझ्यापाशी होती तवा एवढी कधीच वाजली न्हाई."

ह्यांनी माझ्याकडं असं पाह्यलं, की बघ. मी फोन हिसकावून घेतला. बोलायचं पुष्कळ होतं, तोंडातून निघालं एवढंच, "अण्णा, मी हाय."

मंग अण्णांनी विचारलं, "जेवलीस का बाई?"

माझे डोळे भरून आले होते आणि हे समोर उभे होते.

"जेवले," मी म्हणले. "पोटभर जेवले."