शेजारच्या मुलीची चौकशी

राजापेठेतल्या उन्हाळी दुपारी मी अर्धवट झोपेत असतो. बायकोच्या मते एरवीही. अशात फाटकाशी डोक्याला रुमाल बांधलेला एक अनोळखी माणूस आला.

"शेजारची पोरगी कशी हाय?"

मला वाटलं, तिला स्थळ आलं. "गुणी! नोकरीचं काय, लग्न ठरलं की सोडून देईल."

त्यानं मी दिलेलं माठाचं पाणी डोळे मिटून संपवलं. "काकाजी, मी तिच्या नव्या कंपनीकडून आलो. नोकरी पक्की करायच्या आधी चौकशी करून राहिलो."

पोरीची नोकरी मीच घालवली होती!

तो मोबाइलवर काहीच न लिहिता कडुनिंबाकडे बघत राहिला. "झोपेतलं बोलणं आमी लिहत नाई. तोंड धुऊन या."

धुऊन आलो, तर तो फाटकाबाहेर, नुकताच आल्यासारखा रुमाल सोडत उभा.

"नमस्कार काकाजी. शेजारची पोरगी कशी हाय?"