चादरीचं दुसरं टोक

भिंगरीला हे नाव धुलाईघरातच पडलं. मोठ्या हॉटेलच्या तळघरात ते धुलाईघर होतं. वर पाहुणे मऊ गाद्यांवर लोळायचे आणि त्यांच्या चादरी खाली या बायकांच्या हाती यायच्या. धुणं मशीन करायचं, वाळवणं मशीन करायचं, इस्त्री तर भलाथोरला तापलेला रोलरच करायचा. घड्या घालणारं मशीन मात्र मालकाने कधी आणलं नाही. बायका त्याहून स्वस्त पडत असाव्यात.

मोठ्या पलंगाच्या चादरीची घडी एकटीने घालायची म्हणजे नसता ताप. टोक जमिनीला लागतं आणि चादर पुन्हा धुवायला जाते. म्हणून तिथे बायकांच्या जोड्या असायच्या. भिंगरीची जोडी अक्काशी. अक्का वयाने बरीच मोठी, अंगाने थोराड आणि तोंडाने सडेतोड. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "ओढ ना नीट! जेवली नाहीस का?"

मागे सरायचं, चादर ताणायची, मग पुढे येऊन टोकाला टोक द्यायचं. मशीनच्या घरघरीत लांबून बोललेलं ऐकू येत नसे. त्यामुळे दोघी समोरासमोर आल्या की एक वाक्य बोलून व्हायचं, पुढचं पुढच्या घडीला. भिंगरीच्या सासूची एक तक्रार सांगून संपायला कपाटभर चादरी लागायच्या. भिंगरीचं पोटातलं मूल गेलं, तेही तिने अक्कालाच सांगितलं, असंच घडीघडीने. त्या दिवशी अक्काने घड्या अगदी सावकाश घातल्या.

मग नवा साहेब आला. नव्या साहेबांना काहीतरी नवं केल्याशिवाय अन्न पचत नाही. याने जाहीर केलं, की दर महिन्याला जिचं काम सगळ्यांत जास्त, तिचा फोटो वरच्या पॅसेजमध्ये लागेल, चांगला चौकटीत बसवून. मोजणी जोडीची नाही, एकेकीची. आणि चादर असो की उशीचा अभ्रा, नग म्हणजे नग. साहेबाने अकलेचे तारे तोडले आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

भिंगरीच्या मनाने मात्र ते घेतलं. लहानपणापासून तिच्या घरात हुशार म्हणजे मोठी बहीण. ही आपली अशीच. "हिच्या हातून काही व्हायचं नाही," असं आई आल्यागेल्यासमोर म्हणायची, तेही हसत हसत. कुठेतरी एकदा पहिलं यावं, आणि ते आईला दाखवावं, एवढीच तिची भूक होती. यात वाईट काय, सांगा बरं!

तिने डोकं चालवलं. एक चादर होईस्तोवर अभ्रे ढीगभर होतात. ती लवकर येऊन अभ्र्यांची गाडी आपल्या टेबलाशी ओढून घेऊ लागली.

"काय गं, अभ्र्यांवर जीव जडला का?" अक्काने हसून विचारलं.

"आजच्या दिवस करते, अक्का."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बाकीच्या जोड्याही फुटल्या होत्या, ज्या त्या बाईला आपला आकडा प्यारा. अक्काच्या वाट्याला मोठ्या चादरी उरल्या. एक टोक ती टेबलाच्या कडेला अडकवायची, दुसरं हनुवटीखाली धरायची आणि जड चादर खांद्यावरून पलीकडे टाकायची. भिंगरीला ते दिसत होतं. आंधळी नव्हती ती. एकदाचा फोटो लागू दे, मग सगळं पूर्वीसारखं, असं ती स्वतःला बजावत होती. तोंडाने अभ्र्यांचे आकडे पुटपुटणं चालूच.

महिना संपता संपता एक चादर रोलरमध्ये अडकली. अक्काने एकटीने ती ओढली आणि तिचा खांदा निखळला. बायकांचा गलका झाला तेव्हा कुठे भिंगरीने मान वर केली. ती धावली खरी, पण धावतानाही तिने मनातला आकडा घट्ट धरून ठेवला होता. हे नंतर तिचं तिलाच आठवत राहायचं.

फोटो लागला. भिंगरीने तो मोबाइलमध्ये टिपून आईला दाखवला.

"चादरीच्या घड्या घालण्यातही नंबर असतात होय?" आई म्हणाली, आणि मोठीच्या मुलाला कुठली नोकरी लागली ते सांगायला लागली.

अक्का परत आली नाही. जड काम आता कायमचं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. धुलाईघरात हलकं काम कुठून आणणार? भिंगरी भेटायला गेली, तर अक्काने डाव्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला. उजवा हात झोळीत होता. खोलीतल्या पलंगावरची चादर चुरगळलेली होती. भिंगरीचे हात शिवशिवले, पण उठून ती नीट करायचा धीर तिला झाला नाही.

"फोटो छान आलाय म्हणे," अक्का म्हणाली.

भिंगरीला हुंदका आवरेना. "अक्का, एक हाक मारायची होतीस गं! हातातलं सगळं टाकून आले असते मी."

"मारली होती. दोनदा मारली." अक्काच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पाय धरता आले असते, चार शिव्या खाता आल्या असत्या. "तू मोजत होतीस."

भिंगरी ढसाढसा रडली. अक्काने तिला रडू दिलं, जवळ मात्र घेतलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "ऊठ आता. कामाला उशीर होईल."

डोळे पुसत भिंगरी दाराशी आली. "येते, अक्का," असं म्हणून ती थांबली. अक्का नुसतीच बघत राहिली, 'ये' म्हणाली नाही. भिंगरीने आपल्या हाताने दार ओढून घेतलं.